टीव्ही थांबला, मी थांबले नाही

आमच्याकडे नाईट शिफ्टचा आठवडा असला की सगळं घर कुजबुजत बोलतं. धाटावला एमआयडीसीत ज्यांच्या घरातलं माणूस कामाला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी नवरा घरी येतो, अंघोळ करतो, दोन घास पोटात ढकलतो आणि जाड पडदा ओढून आडवा होतो. नेमकी त्याच वेळी आमची बाय उठते. पावणेचार वर्षांची. तिला तेव्हाच उड्या मारायच्या असतात, ताटली वाजवायची असते, बाबाचं दार ठोकायचं असतं. मला डबे भरायचे असतात, रोह्याला पतपेढीत वेळेवर पोचायचं असतं. सासूबाईंची पूजा चाललेली. मग आपण काय करतो? टीव्ही लावतो, आवाज बारीक करतो, पोरीला समोर बसवतो आणि हातात दुधाचा कप देतो.

घर शांत. बाबा घोरायला लागतात, पोळ्या होतात, घंटी वाजवून आरती होते. एवढ्या गोष्टी एका बटणावर होत असतील तर ते बटण कोण दाबणार नाही?

कोणी विचारलं की मात्र आपण चोरासारखे होतो. बालवाडीच्या बाईंनी एकदा विचारलं, "किती वेळ बघते हो?" मी बिनदिक्कत सांगितलं, "अर्धा तास." मागे उभी असलेली दुसरी आई लगेच म्हणाली, "आमचा पण अर्धाच." आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

तर एका सकाळी मी डब्याचं झाकण शोधत होते. (डब्यांची झाकणं जातात कुठे, यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं.) टीव्हीवर कार्टूनमधली ती हिंदी बोलणारी डोरा पाठीला दप्तर लावून उभी होती. तिनं समोर बघून काहीतरी विचारलं, पुढे नदी लागणार की डोंगर, असलं काहीसं. बाय ओरडली, "कुंडलिका!" तिच्या लेखी जगातली प्रत्येक नदी कुंडलिकाच. डोरा पापण्या उघडमीट करत उभी राहिली, मग खूश होऊन पुढे निघाली. बाय धावत माझ्याकडे आली. "आई, कुंडलिकेच्या पुलाखाली कोण राहतं?"

मी म्हटलं, "हो हो, राहतात. दूध संपव आधी."

ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग परत जाऊन टीव्हीसमोर बसली. जाताना एवढंच म्हणाली, "ती ऐकते."

त्यात तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. बाहेर पाऊस पडतोय असं सांगावं तसं तिनं सांगितलं. म्हणूनच जास्त लागलं असेल. रिक्षात बसल्यावर रोहा येईपर्यंत डोक्यात तेच चाललं होतं. डोराला काय ऐकू येणार? ती तर चित्र. पण प्रश्न विचारल्यावर ती थांबली होती, आणि मी थांबले नव्हते.

त्यानंतर मी जरा खोदून वाचायला लागले. हे लहान मुलांचे कार्यक्रम, लहान मुलांच्या वाहिन्या घडतात तरी कशा? मला वाटायचं, रंगीबेरंगी चित्रं काढायची, चार गाणी टाकायची, झालं. पण डोराच्या त्या थांबण्यामागे बऱ्याच माणसांनी आपली डोकी शिणवली आहेत.

अमेरिकेत १९६९च्या नोव्हेंबरात 'सेसमी स्ट्रीट' सुरू झालं. जोन गँझ कूनी या बाईंच्या पुढाकारातून ते उभं राहिलं. ज्या घरांतली पोरं पुस्तकं, खेळणी यांच्याशिवाय थेट पहिलीत जाऊन बसत, त्यांना टीव्हीतून काही देता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. प्रक्षेपणाआधी दोन-अडीच वर्षं तयारी चालली होती. शिक्षक, मानसशास्त्रज्ञ, टीव्हीवाले सगळे एकत्र बसले. पण मला सगळ्यात आवडली ती त्यांची परीक्षा घ्यायची पद्धत. मुलाला टीव्हीसमोर बसवायचं आणि शेजारीच दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रं लावायची. पोरगं टीव्हीवरून नजर काढून तिकडे कधी बघतं, ते कोणीतरी वहीत टिपत बसायचं. जिथे नजर हलली तिथे कार्यक्रमात काहीतरी चुकलंय, पोराचं नव्हे.

तज्ज्ञांनी त्यांना बजावलं होतं की खरी माणसं आणि बाहुल्या एकत्र दाखवू नका, मुलं गोंधळतील. त्याप्रमाणे केलं. मग जुलै १९६९मध्ये नमुन्याचे भाग मुलांना दाखवून पाहिले, तर खऱ्या माणसांचे रस्त्यावरचे प्रसंग आले की मुलं कंटाळून इकडेतिकडे बघायला लागत आणि बाहुल्या आल्या की परत चिकटत. शेवटी त्यांनी तज्ज्ञांचं बाजूला ठेवलं आणि पोरांचं ऐकलं. तो उंच पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा तिरसट ऑस्कर रस्त्यावर आले ते त्यामुळे.

आपण घरात नेमकं उलटं करतो बघा. जेवताना पोराची नजर ताटावरून हलली की आपण ताट बदलून बघत नाही, पोराला ओरडतो.

आणि डोराची प्रश्न विचारून गप्प थांबायची ती शांतता? ती १९९६ सालच्या 'ब्लूज क्लूज'नं रुजवली. एक माणूस आणि एक निळी कुत्री. माणूस कॅमेऱ्यात बघून मुलांना विचारतो आणि गप्प उभा राहतो. मोठ्या माणसाला बघवत नाही इतका वेळ. ती शांतता किती लांब ठेवायची हे त्यांनी मुलांसमोर बसून ठरवलं. सगळ्यात लहान पोराला विचार करायला पुरेल, पण पाच वर्षांचं पोर कंटाळणार नाही, एवढी. प्रत्येक भाग तयार होताना बालवाडीतल्या मुलांना दाखवायचा, त्यांच्या तोंडाकडे बघायचं आणि पुन्हा दुरुस्त करायचा, अशी त्यांची रीत होती. डोरा चार वर्षांनी आली ती याच वाटेनं.

आणखी एक. 'ब्लूज क्लूज'चा एकच भाग ते सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचे. मोठ्यांना वाटलं, हे काय, पोरं पळून जातील. पण अभ्यासकांनी तपासलं तेव्हा उलटंच दिसलं. जसजसा तोच भाग पुन्हा बघतात तसतशी मुलं जास्त उत्तरं देतात, जास्त ओरडतात, त्यांना जास्त कळतं. पहिल्या दिवशी पोर नुसतं बघतं, चौथ्या-पाचव्या दिवशी ते शहाणं झालेलं असतं.

हे वाचलं आणि मला आमच्या बायची ती हत्तीची गोष्ट आठवली. रोज रात्री तीच. एक शब्द बदलला तरी उठून बसते. मी दमलेली असते, मधली दोन पानं एकदम उलटते, ती पकडते. मला वाटायचं हट्ट आहे. हट्ट कसला, तिचा चौथा दिवस चालू असतो आणि मला पहिल्या दिवसाचीच घाई.

मग साहजिक मनात आलं, हे सगळं आपल्याकडे, आपल्या भाषेत का नाही? अगदीच काही झालं नाही असंही नाही. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. माझ्या वयाच्या पुष्कळ जणांना दूरदर्शनवरचे ते कार्यक्रम आठवत असतील. शाळेत एकच टीव्ही, त्यावर जाळीदार मुंग्या, आणि पुढे बसायला मिळावं म्हणून धक्काबुक्की. ती संस्था मराठीत, आपल्याच मुलांसाठी कार्यक्रम करायची. पण तीही पाच वर्षांच्या पुढच्या, शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी. २०१७ साली ती बंद झाली. तीनच वर्षांनी कोरोना आला आणि राज्यातली सगळी मुलं घरात बसली, तेव्हा तिची आठवण किती जणांना झाली असेल!

त्या वेळी आमचा थोरला पहिलीत होता. शाळा पाहिलीच नव्हती पोरानं, नुसतं नाव घातलेलं. मोबाईल एक, तो नवऱ्याबरोबर कंपनीत. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायला लागलं, पहिली ते आठवीसाठी, एमकेसीएलनं केलेलं. त्यात घरातल्याच वस्तू घेऊन, घरातल्या माणसांना बरोबर घेऊन काहीबाही करायला सांगायचे. सासूबाई त्याच्याबरोबर बसायच्या. आधी नाइलाजानं, मग आवडीनं. वाल निवडता निवडता त्याच्याकडून मोजून घ्यायच्या. दहा-दहाचे ढीग करायच्या. तो आज सहावीत आहे आणि अजून काही मोजायचं असलं की आधी दहाचा ढीग करतो. हे टीव्हीनं शिकवलं की आजीनं, ते मला सांगता येणार नाही.

केरळमध्ये त्याच वर्षी सरकारच्या व्हिक्टर्स वाहिनीवर अंगणवाडीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांसाठीसुद्धा वेगळा कार्यक्रम लागत होता, 'किलिकोंजल'. तमिळमध्ये तर मुलांची 'चुट्टी टीव्ही' २००७ पासून आहे. हे कळलं तेव्हा खरं सांगते, थोडा हेवा वाटला.

इकडे फक्त अगदी लहानांसाठीच्या वाहिन्या आल्या, गेल्या. ब्रिटनची 'सीबीबीज' २००७ साली भारतात आली आणि २०१२ साली गेली. त्याच वर्षी 'निक ज्युनियर' आणि 'डिस्ने ज्युनियर' आल्या. २०२१ साली हैदराबादच्या ईटीव्हीनं 'बाल भारत' बारा भाषांत काढली, त्यात मराठी आहे, पण ती फक्त अगदी लहानांसाठी नाही. माझं साधं गणित असं आहे की जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीला तीन वर्षांचं पोर परवडत नाही. ते काही विकत घेत नाही. शिवाय नीट करायचं म्हटलं तर त्याच्यासमोर बसून ते कुठे बघतंय ते टिपत राहावं लागतं, आणि तेवढा वेळ कोणाकडे आहे? वाहिनीवाल्यांकडे नाही आणि आपल्याकडेही नाही.

'गली गली सिम सिम' मात्र नीट झालं होतं. 'सेसमी स्ट्रीट'चाच तो भारतातला अवतार, २००६चा. शाळेच्या गणवेशातली पाच वर्षांची चमकी, गल्ली, नाक्यावरची माणसं. हिंदी होतं, पण गल्ली आपली वाटायची. त्यांनी एक काम असं केलं की मला ताराबाई मोडकांची आठवण आली. ज्या वस्त्यांत टीव्ही पोचत नव्हता तिथे भाजीच्या हातगाडीवर टीव्ही ठेवून ते कार्यक्रम घेऊन गेले.

ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला १९४५ साली तेच केलं होतं ना! आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात तिची वाट तिथून निघाली. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. पोर आपल्याकडे येत नसेल तर आपण उठून त्याच्याकडे जायचं. सोपं आहे ऐकायला. आमच्या घरात स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत अकरा पावलं आहेत, मी मोजली आहेत. ती अकरा पावलं सकाळी आठ वाजता चालून बघा.

आता सीबीबीजबद्दल एक सांगते. ब्रिटनमध्ये ही वाहिनी ११ फेब्रुवारी २००२ला सुरू झाली, सहा वर्षांच्या आतल्यांसाठी. जाहिराती नाहीत. सकाळी उड्या मारायला लावणारे कार्यक्रम, दुपारी जरा सावकाश, संध्याकाळ झाली की अजून सावकाश, आणि शेवटी कोणीतरी खुर्चीत बसून निजायची गोष्ट वाचून दाखवतं. सात वाजले की वाहिनी बंद. पोरांना झोप म्हणायचं आणि स्वतःही झोपायचं.

मला हे वाचून हसू आलं आणि मग गप्प व्हायला झालं. आपण पोरांच्या हातात जो मोबाईल देतो, तो कधी झोपतो? एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू. पहिल्यात चिमणी होती, चौथ्यात कोणीतरी कोणाचंतरी डोकं फोडत असतं. मध्ये कोणी ठरवणारा माणूसच नाही. वाहिनी वाईट असली तरी तिच्या मागे कोणीतरी बसून 'आता पुरे' म्हणणारं असतं. मोबाईलवर ते काम आपलं, आणि आपण तर त्याच वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजत असतो.

मग भानावर येतो आणि काय करतो? मोबाईल ओढून घेतो. "बास झालं! किती वेळ!" पोर जमिनीवर लोळतं, हातपाय झाडतं. आपल्याला वाटतं, बघा, व्यसन लागलं. शेजारच्या आजी दारातून म्हणतात, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही." आपला जीव अर्धा होतो.

मी एकदा, खरंच एकदाच, ओढून घेण्याऐवजी तिच्या शेजारी बसून बघितलं की ती नक्की काय बघतेय. एक बदकाचं पिल्लू हरवलं होतं. ते आईला शोधत होतं. अजून सापडली नव्हती. मी त्या वेळी मोबाईल काढून घेतला असता तर तिच्या डोक्यात ते पिल्लू तसंच हरवलेलं राहिलं असतं. आपण तिला म्हणणार 'नाटकं करू नकोस', आणि ती त्या पिल्लासाठी रडणार. आपली मालिका ऐन रंगात आली असताना लाईट गेली तर आपण किती चिडतो! पावसाळ्यात आमच्याकडे जातेच. आपण तरी लगेच महावितरणच्या नावानं सुरू होतो. ती कोणाच्या नावानं सुरू होणार? आपल्याच.

तेव्हापासून मी एवढंच करते. बंद करायच्या आधी सांगते, "हे पिल्लू आईला सापडलं की बंद." सापडलं की रिमोट तिच्या हातात देते. तिनं बंद करायचं. लाल बटण दाबायचा मान तिचा. दहातल्या सहा वेळा चालतं. चार वेळा ती म्हणते, "अजून एक पिल्लू." मग रडारड होतेच. पण त्या सहा वेळा होत नाही, आणि मी सहावरही खूश आहे.

मोबाईलवरचं आपोआप पुढे जाणंही बंद करून टाकलं. ते कुठे असतं हे थोरल्यानं दाखवलं. आणि होता होईल तो मोबाईलपेक्षा टीव्हीच लावते. टीव्ही भिंतीवर असतो, जाता-येता दिसतो, सासूबाईंनाही दिसतो. मोबाईल पांघरुणात जातो.

तासाचं काय, विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय, दोन वर्षांच्या आतल्याला पडदा नकोच, दोन ते चारला दिवसाला एक तासाच्या वर नको, आणि त्याहून कमी असलं तर बरं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही जवळपास हेच म्हणणं. मी ते वाचून आधी कागदावर आमचा हिशोब मांडला. जनरल शिफ्टच्या आठवड्यात पाऊण तास. नाईटच्या आठवड्यात... जाऊ दे. कागद फाडला. बालवाडीच्या बाईंना मात्र पुढच्या वेळी खरं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नातवाचं विचारू नका."

वेळेइतकंच वेगाचंही बघायला हवं, हे मला उशिरा कळलं. २०११ साली अमेरिकेत चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना भराभर चित्रं बदलणारं कार्टून दाखवलं, काहींना संथ चालीचं, काहींना नुसते रंग देऊन चित्रं काढायला बसवलं. फक्त ९ मिनिटं. मग लगेच त्यांना अशा कामांना लावलं ज्यात स्वतःला आवरावं लागतं. त्यात समोर खाऊ ठेवून 'थांबशील तर जास्त मिळेल' हाही खेळ होता. भराभर बघितलेल्या मुलांना थांबणं जास्त जड गेलं. तो परिणाम किती टिकतो, ते त्यांनी तपासलं नव्हतं, म्हणून लगेच घाबरून जाण्यात अर्थ नाही. पण सकाळी सातला तसलं धडाधड कार्टून लावून साडेसातला "नीट बसून खा" म्हणणारी मी, मला माझंच हसू आलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे टीव्हीशेजारी बसायचं? कधी? बरोबर आहे. पूर्ण वेळ बसायला मिळत असतं तर टीव्ही लावलाच नसता. मी पहिली पाच मिनिटं बसते, चहा हातात घेऊन. तो चहा तसाही मला उभ्यानं प्यायची सवय लागली होती. पाच मिनिटांत कळतं की आज हत्ती आहे की बदक. मग स्वयंपाकघरातून ओरडून विचारता येतं, "सापडली का गं आई त्याला?" आणि दुपारी सासूबाईंना ती स्वतःच सांगते. सासूबाई मुद्दाम चुकीचं बोलतात, "म्हणजे कोंबडीचं पिल्लू ना?" मग ती अंगावर धावून जाते, "बदकाचं! आजी, बदकाचं!" सगळी गोष्ट पहिल्यापासून.

सासूबाईंचं ते चुकीचं बोलणं मला कोणत्याही वाहिनीपेक्षा हुशार वाटतं. त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

माझं जमत नाही ते थांबणं. प्रश्न विचारते आणि उत्तरही मीच देते. "आज बालवाडीत काय केलं? गाणं म्हटलं ना? हो ना? खाऊ खाल्लास?" तिनं तोंड उघडायच्या आत माझे तीन प्रश्न संपलेले. मी पतपेढीत काउंटरवर बसते, तिथे असंच बोलावं लागतं. पासबुक, किती, सही, पुढचे. घरी आल्यावर तीच टेप चालू राहते. नवऱ्याचं वेगळं. तो झोपेतून उठलेला असतो, त्याला ऐकायलाच वेळ लागतो, म्हणून बायला तो बरा वाटतो. बिचाऱ्याला याचं श्रेय उगाचच मिळतं.

मग मी एक खेळ सुरू केला, स्वतःशीच. प्रश्न विचारायचा आणि मनात पाच म्हणायचे. एक... दोन... तीनला माझी जीभ खाजायला लागते. चारला वाटतं, हिला काही सांगायचंच नाहीये. आणि बऱ्याचदा पाच झाले की ती बोलते. कधी सातला. एकदा तर मी नादात बारापर्यंत गेले आणि ती म्हणाली, "आई, तू झोपलीस?"

परवा जानेवारीत शेतावर पोपटी होती. रोहा-पेणकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरच्या कोणासाठी सांगते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, कोणी अंडी घालतं, कोणी केळीच्या पानात गुंडाळून कोंबडी. वरून पुन्हा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवून द्यायचं. मग अर्धा तास कोणी काही करू शकत नाही. उघडून बघता येत नाही. मोबाईलला तिथे रेंज नव्हती, म्हणून मोठी माणसंसुद्धा जाळाकडे बघत बसली होती.

बाय माझ्या मांडीवर होती, कानटोपी घालून. दर दोन मिनिटांनी "झालं?" दिरानं तिच्या हातात पाण्याची वाटी दिली आणि सांगितलं, मडक्यावर पाणी मार, चर्र वाजलं तर झालं. तिनं मारलं. नुसतीच वाफ. परत बसली.

मला त्या कुंडलिकेची आठवण झाली. म्हटलं, "बाय, त्या पुलाखाली कोण राहतं गं?"

एक. दोन. पेंढा कोसळला, ठिणग्या उडाल्या. तीन. थोरला काहीतरी ओरडला. चार. ती जाळाकडेच बघत होती, मला वाटलं तिनं ऐकलंच नाही. पाच. सहा.

"एक म्हातारी," ती म्हणाली. "तिचा टीव्ही भिजलाय. म्हणून ती येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारते."

"मग कोणी थांबतं का?"

तिनं वाटीतलं पाणी परत मडक्यावर मारलं. चर्र वाजलं. सगळे एकदम उठले, मीही उठायला लागले, आणि तिनं माझी ओढणी धरली. "थांब ना. सांगतेय ना मी."